डॉक्टरांना घरही सांगा

वाचकहो, दवाखान्यात येताना आपण फाइल घेऊन येता. तारखेनुसार लावलेले रक्ताचे अहवाल, फिकट होत चाललेल्या ईसीजीच्या पट्ट्या, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटे असा सारा ऐवज तीत असतो. काही आजोबा तर प्रत्येक अहवालावर आपल्या हाताने क्रमांक घालून आणतात; त्यांच्या या नीटनेटकेपणाचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु आपण कितव्या मजल्यावर राहता, घरात स्वयंपाक कोण करते, रात्रीचे जेवण किती वाजता होते, पाकिटावरची बारीक अक्षरे आपल्याला वाचता येतात का, औषधांचे पैसे कोण देते आणि ते मागताना संकोच वाटतो का, यांपैकी काहीही त्या फाइलमध्ये सापडत नाही. आपल्याला काय उत्तम जमते, हे तर कोणी विचारीतच नाही.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी कोपरखैरण्यात जनरल प्रॅक्टिस करीत आहे. मी कोणत्याही एका अवयवाची तज्ज्ञ नाही. एकाच घरातील आजी, सून आणि नातू हे तिघेही माझ्याकडे येत असल्यामुळे घर मात्र मला थोडेफार दिसत राहते. या दिसण्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. औषध कोणते आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणत्या घरात आणि कोणाच्या हातून घेतले जाते हेही महत्त्वाचे असते. ही दुसरी बाजू डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे रुग्णाच्या आणि त्याच्या माणसांच्याच हाती असते, कारण ती कोणत्याही तपासणीत उमटत नाही.

आपले नवी मुंबई शहर या दृष्टीने फार बोलके आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या गावांतील आगरी-कोळी कुटुंबे आजही आपापल्या गावठाणांत आहेत. मुंबईतील घाऊक बाजार वाशीला हलला, तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली या भागांत स्थिरावले. पुढे लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला आली आणि मुंबईत नोकरी करणारा मध्यमवर्ग येथे घरे घेऊ लागला. त्यामुळे माझ्या बाकावर एका सकाळी तीन सत्तरीची माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. तिघांचीही उपाशीपोटी साखर १८० असते. कागदावर तिघांचा आजार एकच, पण तिघांचे दिवस मात्र एकमेकांना ओळखही न देणारे.

त्यांतील एक गृहस्थ निवृत्त माथाडी कामगार आहेत. चाळीस वर्षे त्यांनी कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहिल्या. निवृत्तीनंतरही पहाटे चारला उठून बाजारात जाण्याची सवय सुटलेली नाही. त्यांचा मुलगा आता त्याच टोळीत काम करतो आणि हे गाळ्यावर बसून गोणींचा हिशेब पाहतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यांना घाम फुटत असे, हात थरथरत आणि डोके हलके होत असे. घरच्यांनी ते वयावर ढकलले होते. त्यांच्या चिठ्ठीवर ‘सकाळी नाश्त्यापूर्वी एक’ अशी साखरेची गोळी लिहिलेली होती आणि ते अत्यंत प्रामाणिकपणे उठल्याबरोबर, म्हणजे पहाटे चारला, ती घेत होते. त्यानंतर पोटात जाई तो फक्त बिनसाखरेचा चहा. जेवण थेट घरी परतल्यावर, अकरा वाजता.

मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न येणार आहे या हिशेबाने त्या दिलेल्या असतात. अन्न आले नाही तरी गोळी आपले काम करतेच आणि साखर घसरत जाते. या गृहस्थांच्या बाबतीत चिठ्ठीही योग्य होती आणि रुग्णही आज्ञाधारक होता; ‘सकाळ’ या शब्दाचा अर्थ तेवढा दोघांच्या लेखी वेगळा होता. साखर फारशी खाली न आणणारे दुसरे औषध निवडले, ते अकराच्या जेवणाशी जोडले आणि पहाटेच्या चहाबरोबर एक भाकरी खाण्याचे ठरले. ही माहिती वाचून कृपया कोणीही आपली गोळी आपणहून बदलू अथवा बंद करू नये. आपला दिवस कसा जातो तेवढे डॉक्टरांना सांगावे. बदल करणे त्यांचे काम आहे.

त्यांच्याजवळ काय होते, हेही सांगायला हवे. शाळा त्यांची चौथीतच सुटली, परंतु गोणी मोजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, या पद्धतीने त्यांनी आयुष्यभर ट्रक मोजले आहेत. मी त्यांना छापील तक्ता दिला नाही. खिशातल्या वहीतच त्यांनी गोळीची एक रेघ आणि चक्कर आल्यास एक फुली मारायला सुरुवात केली. तीन महिन्यांची ती वही पाहून मला जेवढे कळले, तेवढे एखाद्या महागड्या उपकरणानेही कळले नसते. शिवाय त्यांची टोळी होतीच. मुकादमापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना त्यांनी सांगून ठेवले आहे, की घाम फुटून हात थरथरू लागला तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचे. एकट्या राहणाऱ्या एखाद्या सुशिक्षित मधुमेहीभोवती इतकी जागरूक माणसे क्वचितच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन आजारांतील औषधपालनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. श्रीमंत देशांतही अशा आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे त्यात म्हटले होते. हा आकडा ऐकला की रुग्णाला बेशिस्त ठरवण्याचा मोह आम्हा डॉक्टरांना होतो. माझा अनुभव निराळा आहे. बेशिस्त माणसे थोडी असतात. बहुतेकांच्या दिनक्रमात ते औषध बसतच नाही.

बोनकोड्याच्या एका आजींचे थोडक्यात सांगते. रक्तदाब चढलेला, आणि आहारात सुकट, सुके बोंबील रोजचे. ‘मीठ कमी करा’ हे त्यांनी अनेकदा ऐकले होते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे हे खरे. पण चौदा माणसांच्या घरात एकट्या आजींसाठी वेगळी आमटी कोण करणार? बोलता बोलता कळले, की त्या घरात मिठाच्या डब्याला आजींशिवाय कोणी हात लावीत नाही. मग वेगळ्या आमटीचा प्रश्नच मिटला. सुके मासळ कोमट पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी टाकून द्यायचे, ताटात वरून मीठ वाढायचे नाही आणि सुकट रोजऐवजी आठवड्यातून एकदा, असे तीन हुकूम त्यांनी स्वतःच काढले. औषध चालू राहिलेच, परंतु पुढे ते वाढवावे लागले नाही. डॉक्टरीणबाईंचे ऐकून नव्हे, आजींचे ऐकून त्या घरातील चौदा जणांचे मीठ कमी झाले.

माणसांजवळ मुळात जे आहे त्यावर आरोग्य उभे करण्याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते अशा गावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या स्त्रियांजवळ पदवी नव्हती. कोणत्या घरात चूल कधी पेटते आणि कोणाचा शब्द चालतो, याचे ज्ञान मात्र होते; शिक्षणाची जोड मिळाल्यावर ते बाळांच्या कामी आले. हे प्रयोग खेड्यांतील आणि बाळंतघरातील असले, तरी शहरातल्या वृद्धांच्या घरातही तेच लागू पडते असे मला वाटते. पुढची हकिगत थोडी सविस्तर सांगते, ती याच कारणाने.

आमच्या भागात सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती तळमजला अधिक तीन मजल्यांच्या आहेत. त्यांना लिफ्ट नाही. तरुणपणी तिसऱ्या मजल्यावर हवा छान येते म्हणून घेतलेली ती घरे आता सत्तरीच्या गुडघ्यांना महाग पडतात. अशाच एका तिसऱ्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या पत्नी राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय कमजोर झाला, बोलणे अडखळू लागले. रुग्णालयातून घरी सोडताना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला यावे असे सांगण्यात आले. सल्ला शास्त्रशुद्धच होता. परंतु तीनदा येणे म्हणजे तीनदा त्यांना खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली उतरवणे आणि पुन्हा वर चढवणे. दुसऱ्या आठवड्यात माणसे मिळेनाशी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात व्यायाम थांबला.

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. दोघांनी हे घर विकावे, बाबांना एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवावे आणि आईने आपल्याकडे यावे, असे त्याने सुचवले. त्याचे म्हणणे स्वार्थी मुळीच नव्हते. रजा घेऊन घेऊन तोही थकला होता. पण पंचेचाळीस वर्षांचा संसार दोन शहरांत विभागला जाणार होता आणि त्याचे कारण आजारापेक्षाही जिना हे होते.

मी घरी गेले तेव्हा त्यांना एवढेच विचारले, की तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवे आहे. बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग एक शब्द उमटला, “केंद्र.” पत्नीने उलगडा केला. महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला जात. तेथे त्यांचे चार स्नेही असत. म्हणजे उपचाराचे उद्दिष्ट ठरले: तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून समोरच्या रस्त्यापलीकडचे केंद्र गाठणे.

जिना नीट पाहिला तेव्हा खरी अडचण ध्यानात आली. अशा जिन्याला कठडा एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. दुसरीकडे सरळ भिंत. त्यांच्या जिन्यात वर चढताना कठडा डाव्या हाताला येत असे, म्हणजे त्यांच्या धडक्या हाताला. उतरताना मात्र तोच कठडा उजवीकडे येई आणि डाव्या हाताला पकडायला नुसती भिंत उरे. ते चढू शकले असते, उतरू शकत नव्हते. एमआरआयच्या अहवालात हे कोठून दिसणार?

भिंतीला दुसरा पाइप बसवायचा तर सोसायटीची परवानगी हवी. येथे पत्नीचे बळ उपयोगी पडले. त्या वीस वर्षे इमारतीची गणपतीची वर्गणी गोळा करीत आल्या आहेत. कोणत्या दारावर कोणत्या वेळी थाप मारावी हे त्यांना नेमके ठाऊक. सभेत जिना अरुंद होईल अशी हरकत निघाली, खर्चावर चर्चा लांबली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या, गुडघे दुखणाऱ्या एका बाईंनीच ठरावाला अनुमोदन दिले आणि विषय संपला. एका फॅब्रिकेटरने दोन दिवसांत तिन्ही मजल्यांच्या भिंतीला लोखंडी पाइप बसवला. प्रत्येक वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची आली.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी येऊन पत्नीला व्यायाम शिकवू लागले. चढताना बरा पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. सांभाळणाऱ्याने चढताना मागे आणि उतरताना पुढे उभे राहायचे. हे शिकलेल्या देखरेखीखालीच करावे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. उरलेले सहा दिवस व्यायाम चालू कसे राहणार, ही मला काळजी होती. ती त्या गृहस्थांनी मिटवली. आयुष्यभर ज्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या, त्यांनी डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःचे वेळापत्रक लिहून दाराला चिकटवले. ‘७.१० पहिली फेरी. ११.०० दुसरी फेरी.’ पहिली फेरी म्हणजे सुरुवातीला तीन पायऱ्या होत्या. पुढे पहिले वळण, मग दुसरा मजला. तळमजला गाठायला चार महिने आणि काही दिवस लागले. फेरी चुकली की ते पत्नीवर रागवत, आणि त्या मला फोन करून हसत तक्रार करीत.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने वृद्धांसाठी एक कार्यक्रम तयार केला आहे. त्यात परिचारिका आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याबरोबर घरदुरुस्ती करणारा कारागीरही घरी जातो आणि ‘आपल्याला काय करता यावेसे वाटते’ या प्रश्नापासून काम सुरू होते. अंघोळ, कपडे घालणे, चालणे यांसारख्या गोष्टींतील अडचणी त्याने कमी होतात असे अभ्यासांत आढळले आहे. आपल्याकडे अशी योजना घराघरांत पोहोचेपर्यंत फॅब्रिकेटरचा फोन क्रमांक आपणच शोधायला हवा.

मात्र या साऱ्याचा एक उलटा अर्थ काढला जाण्याची मला भीती वाटते. ‘मन खंबीर असले की सगळे जमते’ असे उपदेश वृद्धांना फुकट मिळतात. जिद्द म्हणजे लिफ्ट नव्हे. पाइप बसला नसता तर त्या गृहस्थांची सारी शिस्त दाराच्या आतच राहिली असती. काही गुण तर आजारात घातकही ठरतात. सोशिकता हा त्यांतला पहिला. छातीत दुखत असताना ‘रात्री कशाला कोणाला उठवायचे’ म्हणून सकाळपर्यंत थांबणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती बहुधा घरासाठी झिजलेली माणसे असतात. अशा वेळी आपला समजूतदारपणा कृपया बाजूला ठेवावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

पैशांविषयीही बोलावे. महिन्याची गोळी परवडत नाही म्हणून ती एक दिवसाआड घेणारे रुग्ण मला पुष्कळ भेटतात. ते तसे सांगत नाहीत आणि मग डॉक्टर औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवतात. जनऔषधी केंद्रांत हीच औषधे बऱ्याच कमी किमतीला मिळतात आणि पुष्कळदा चिठ्ठीत तसा बदल करता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. म्हणून कार्ड काढल्यावरही गोळ्यांच्या खर्चाचे बोलणे टाळू नये.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचेही असेच. बस किंवा लोकलचा प्रवास असला की बायका ती गोळी गुपचूप वगळतात, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसते. पायांवर सूज आली की मग सारे उघडकीस येते. प्रवासाच्या दिवशी ती गोळी कधी घ्यावी हे डॉक्टर पुष्कळदा ठरवून देऊ शकतात. मात्र त्यांना प्रवास आहे हे कळले पाहिजे.

आणि घरात सांभाळणारी जी व्यक्ती आहे, तिचीही एक फाइल असू द्यावी. त्या वाहतूक नियंत्रकांच्या पत्नींचा स्वतःचा रक्तदाब आठ महिने कोणी मोजलेला नव्हता. पतीला उचलताना त्यांची पाठ धरत होती आणि तेही फिजिओथेरपिस्टनीच ओळखले. आता त्या महिन्यातून एकदा सकाळी साडेदहाला माझ्याकडे येतात. तीच वेळ का, तर तेव्हा पती विरंगुळा केंद्रात असतात.

आपल्या घरातील कोणी रुग्णालयातून घरी येणार असेल, तर डिस्चार्जची वेळ ही या बोलण्यासाठी सर्वांत योग्य वेळ आहे. कागद हातात घेऊन निघण्याआधी दहा मिनिटे मागून घ्यावीत. आमच्याकडे जिने किती आहेत, रुग्णाजवळ दिवसा कोण असते, त्या व्यक्तीचे वय काय, जेवणाच्या वेळा कोणत्या आणि उपवास कोणते, हे सांगावे. मग प्रत्येक सूचनेपुढे विचारावे, की हे आमच्या घरी कसे करायचे. रुग्णाला बोलता येत असेल तर ही उत्तरे मुलाने किंवा सुनेने देऊ नयेत, रुग्णालाच देऊ द्यावीत. थोडा वेळ लागेल. बाहेर बिलाच्या खिडकीवर जितका वेळ जातो, त्याहून तो कमीच असतो.